ग्रोसला अकरा कमी

तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडकडून बाजारपेठेत वळलं की डाव्या हाताला आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबट बोळच. दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर पत्र्याचे डबे, डब्यांत खिळे, चुका, स्क्रू, वायसर, बिजागऱ्या, कडीकोयंडे. गल्ल्याशेजारी दोन पारड्यांचा काटा आणि लोखंडी षटकोनी वजनं. वजनाच्या बुडाला एक खळगा असे, त्यात शिसं ओतलेलं असे आणि त्या शिशावर वजनमापं खात्याच्या निरीक्षकाचा शिक्का. लहानपणी मला वाटायचं, वजनाचं खरं वजन त्या शिक्क्यातच असतं.

स्क्रू तेव्हा ग्रोसवर जायचे. ग्रोस म्हणजे बारा डझन, एकशे चव्वेचाळीस नग. माझे वडील, अण्णा, कधी मोजत बसत नसत. नवा माल आला की एकदाच एक ग्रोस मोजायचा, तो काट्यावर टाकायचा, आणि जे वजन येईल ते डब्यावर खडूनं लिहून ठेवायचं. पुढं गिऱ्हाईक आलं की फक्त तोलायचं. 'मोजणारा बोलता बोलता चुकतो, काट्याला बोलायचं नसतं,' असं त्यांचं म्हणणं.

आठवीच्या मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी अण्णा जेवायला घरी गेले होते आणि मी गल्ल्यावर होतो. गावातले एक सुतार आले. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. कुणाच्या तरी देवघराचं काम होतं, त्यांना एक इंची पितळी स्क्रू हवे होते, एक ग्रोस. पितळीच्या डब्यावरचा खडू पुसला गेला होता. शेजारच्या लोखंडी स्क्रूच्या डब्यावरचा आकडा मात्र ठळक होता. लांबी तीच, जाडी तीच, माथा तोच. मी तोच आकडा धरला, तोलून पुडी बांधली आणि पैसे घेतले. आपण दुकान चालवू शकतो, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पुडी घेऊन हजर. 'अण्णा, ग्रोसला अकरा कमी.'

अण्णांनी मला हाक मारली. रागावले नाहीत. माझ्या एका तळहातावर लोखंडी स्क्रू ठेवला, दुसऱ्यावर पितळी. मला काही फरक कळला नाही. मग मूठ-मूठभर ठेवले, तेव्हा पितळेचा हात किंचित खाली गेला. 'वजन तुझं बरोबर आहे,' अण्णा म्हणाले. 'नग चुकले.'

पुढं हिशेब करून पाहिला. पोलादाची घनता ७.८५, पितळेची साधारण ८.५. एकशे चव्वेचाळीस पोलादी स्क्रूंच्या वजनाइतकं पितळ घेतलं तर नग भरतात एकशे तेहतीस. मिस्त्रींची मोजणी एका नगानंही चुकली नव्हती.

मी पुढं रसायनशास्त्राचा मास्तर झालो आणि बत्तीस वर्षं मोल संकल्पना शिकवली. त्यातली पहिली दहाबारा वर्षं मी ती वाईट शिकवली. सगळे शिकवतात तशी, म्हणजे फळ्यावर सहा लिहून पुढं तेवीस शून्यं काढून. मग पोरांचे डोळे मोठे व्हावेत म्हणून तांदळाचे दाणे, समुद्राची वाळू, आकाशातले तारे. डोळे मोठे व्हायचेही. पण पोरगं घरी जायचं ते 'मोल म्हणजे लई मोठा आकडा' एवढंच घेऊन, आणि परीक्षेत ३६ ग्रॅम पाण्यात मोल किती, असं विचारलं की त्याचा पेन तिथंच थांबायचा.

एका वर्षी नववीतल्या एका मुलीनं मला सरळ केलं. मी नेहमीप्रमाणे सांगितलं होतं: एक मोल कार्बन म्हणजे १२ ग्रॅम, एक मोल लोखंड म्हणजे ५६ ग्रॅम. तिनं हात वर केला. 'सर, म्हणजे लोखंड स्वस्त ना? तेवढ्याच मोलात जास्त येतंय.'

वर्ग हसला. मीही हसलो असेन. तिची आई लोकांच्या शेतावर मोलमजुरीला जायची, आणि मोल म्हणजे किंमत हे तिला कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक होतं. चूक माझी होती. मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल, मातीमोल ही सगळी पिलावळ ज्या भाषेत आधीपासून नांदतेय, तिथं हा पाहुणा शब्द आणताना त्याची ओळख करून द्यायची असते, आणि ती मी दिली नव्हती. आपलं मोल मूल्यातून आलं. रसायनातला मोल जर्मनीतून आला. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९०च्या दशकात 'मोलेक्यूल'च्या जर्मन रूपावरून तो घडवला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ढीग किंवा वस्तुमान या अर्थाचा शब्द आहे. गंमत म्हणजे ज्या माणसानं रेणूंच्या ढिगाला हे नाव दिलं, त्या ओस्टवाल्डचा तेव्हा अणूंवर विश्वासच नव्हता. अणू ही हिशेबाच्या सोयीची कल्पना आहे, असं ते म्हणत. साधारण १९०९च्या सुमारास त्यांनी हार मानली. बारसं आधी झालं आणि मूल आहे हे नंतर मान्य केलं, असा हा प्रकार.

त्या मुलीला उत्तर देताना मला एकदम मिस्त्रींची पुडी आठवली. मी सांगितलं, एक मोल म्हणजे एक ग्रोस समज. कार्बनचा एक ग्रोस आणि लोखंडाचा एक ग्रोस. नग तेवढेच, पण लोखंडाचा प्रत्येक नग जड. म्हणून काटा बाराऐवजी छप्पन्नवर जातो. ती म्हणाली, 'मग सरळ ग्रोसच म्हणा की.' मला काही बोलता आलं नाही.

तर मोल हा ग्रोस आहे. नग इतके बारीक की मोजायला कुणाच्या बापाला जमणार नाही, म्हणून फक्त तोलायचं, आणि तोलण्यासाठी डब्यावरचा खडूचा आकडा पाठ हवा. आवर्तसारणी म्हणजे त्या खडूच्या आकड्यांची फळी. आम्ही शिकलो तेव्हा त्याला अणुभार म्हणत, आता अणुवस्तुमान म्हणतात.

हे आकडे डब्यांवर लिहायला माणसाला अर्धं शतक लागलं, कारण खडू पुसलेला होता आणि प्रत्येक जण शेजारच्या डब्यावरचा आकडा धरून तोलत होता. डाल्टन पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरून चालत, त्यामुळे ऑक्सिजनचं वजन निम्मं यायचं. इटलीतल्या तुरिनचा अमेडेओ ॲव्होगॅड्रो मूळचा कायद्याचा पदवीधर. व्हर्चेल्ली गावातल्या शाळेत शिकवत असताना, १८११ साली, त्यानं एक साधी गोष्ट मांडली: तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या कुठल्याही वायूत रेणूंची संख्या सारखीच. हायड्रोजन असो की ऑक्सिजन, बाटली तेवढीच असेल तर नग तेवढेच. मग दोन बाटल्या तोला, नगाचं वजन हातात. न मोजता ग्रोस ओळखायची ही युक्ती होती, आणि ती कुणी ऐकली नाही. तो १८५६ साली वारला. चार वर्षांनी, सप्टेंबर १८६० मध्ये, जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथं युरोपभरचे शंभरावर रसायनशास्त्रज्ञ जमले, कारण गोंधळ हाताबाहेर गेला होता; केकुलेच्या पुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची एकोणीस सूत्रं होती. म्हणजे लोणच्याच्या व्हिनेगरबद्दलही एकमत नव्हतं. तिथं कानिझारो या दुसऱ्या इटालियनानं ॲव्होगॅड्रोची बाजू लावून धरली, आणि त्याची पुस्तिका परिषद संपताना वाटली गेली. घरी जाताना ती वाचणाऱ्यांत लोथार मायर होते. त्या परिषदेला मेंडेलीव्हही हजर होते. डब्यांवर खडू पुन्हा उमटला तो तेव्हा.

एका मोलात नग किती, तो अंक ॲव्होगॅड्रोनं स्वतः कधी पाहिला नाही. 'ॲव्होगॅड्रो अंक' हे नाव १९०९ साली फ्रान्सच्या झाँ पेरँ यांनी दिलं. पाण्यात तरंगणाऱ्या गोंदाच्या सूक्ष्म गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजून मोजून त्यांनी तो अंक काढला, आणि ओस्टवाल्डसारख्यांचं तोंड बंद केलं ते अशा मोजणीनंच.

इथं शब्दांबद्दल एक कबुली द्यायची राहते. आमच्या शाळेत एका वर्षी रेल्वेतल्या बदलीमुळं उत्तरेकडून आलेला एक मुलगा होता. आधीची शाळा हिंदी माध्यमाची. त्यानं उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात.' मी लाल रेघ मारून शून्य दिलं. खूप नंतर ट्रॉम्बेला गेलो असताना प्रकाश पडला. मराठीत आपण ज्याला भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो, ते हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र आहे. आपला अणू तो त्यांचा परमाणु, आणि आपला रेणू तो त्यांचा अणु. त्या मुलाचं उत्तर त्याच्या भाषेत अचूक होतं. वैशेषिकांच्या हिशेबानंही तोच जवळचा. कणादांच्या परंपरेत परमाणू सर्वांत बारीक, दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि कवडशात नाचताना दिसतो तो कण म्हणजे हे त्र्यणुक. ते शून्य मागं घ्यायची सोय राहिली नाही. तो मुलगा आता कुठं असेल, माहीत नाही.

अणूच्या आत गेलं की खडूचा आकडा येतो कुठून, हे कळतं, आणि मला हा भाग मोलापेक्षाही आवडतो. कार्बनच्या केंद्रकात सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन, म्हणून बारा. लोखंडाच्या नेहमीच्या अणूत सव्वीस प्रोटॉन आणि तीस न्यूट्रॉन, म्हणून छप्पन्न. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची वजनं जवळजवळ सारखी. मग एक ग्रॅम कशाचाही घ्या, सोन्याचा, मिठाचा, नाहीतर तुमच्या करंगळीचा, त्यातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून होतात साधारण एक मोल. एक किलो कांदे आणि एक किलो खिळे यांत या कणांची संख्या हजारात दोन-तीनच्या फरकानं सारखीच. अण्णांचा काटा आयुष्यभर दुसरं काही मोजतच नव्हता. त्यांना वाटायचं आपण खिळे विकतोय. विकत होते प्रोटॉन-न्यूट्रॉन, किलोच्या भावानं.

इलेक्ट्रॉनला काटा विचारत नाही. तो प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ पट हलका. साठ किलोच्या माणसातले सगळे इलेक्ट्रॉन एकत्र केले तर भरतात जेमतेम अठरा ग्रॅम. एक मोल पाण्याचं वजनही तेवढंच, हा निव्वळ योगायोग. पण लाकूड जळतं, लोखंड गंजतं, मीठ विरघळतं, चिंच आंबट लागते, कातडीला कातडी कळते, हे सगळं त्या अठरा ग्रॅमांचं काम. वजन एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे. आमच्या घरीही थोडंफार असंच होतं. दुकानाची पाटी अण्णांच्या नावाची, आणि उधारीची वही आईच्या डोक्यात.

न्यूट्रॉन सापडला तोही हिशेबातल्या तुटीमुळं. केंद्रकाचा धनप्रभार मोजला की हेलियमला दोन, वजन मात्र चार. नायट्रोजनला सात, वजन चौदा. निम्मं वजन कुणाच्या नावावर? रदरफोर्ड यांनी १९२० साली अंदाज बांधला की प्रभार नसलेला एखादा कण आत असावा; १९३२ साली त्यांचेच सहकारी चॅडविक यांनी तो पकडला. बीटा किरणोत्सर्गात ऊर्जा कमी भरते म्हणून पाउली यांनी १९३० साली असाच आणखी एक न दिसणारा कण सुचवला, न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडलं. आणि १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो टिपले. सोन्याच्या खाणीत उतरून, ज्याला वजन असल्याचा तेव्हा पुरावाही नव्हता असली वस्तू घेऊन वर येणं, हे अण्णांना पटलं नसतं.

पण सगळ्यात मोठी तूट सूर्याची. चार हायड्रोजन मिळून एक हेलियम होतो. नग चारचे चारच, तरी वजन हजारी सात कमी. फ्रान्सिस ॲस्टन यांनी केंब्रिजला आपल्या यंत्रावर अणूंची वजनं अतिशय बारकाईनं तोलली तेव्हा हे उघड झालं, आणि एडिंग्टन यांनी १९२० साली म्हटलं की हे हरवलेलं वजन म्हणजेच सूर्याचं जळण असलं पाहिजे. आज आपण जाणतो की सूर्य दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन असा हलका होतो. मला हे पहिल्यांदा वाचताना मिस्त्रींचा आवाज ऐकू आला होता. हजारी सात कमी. फरक इतकाच की त्या पुडीत वजन बरोबर होतं आणि नग चुकले होते. इथं नग बरोबर, आणि वजन उन्हाच्या रूपानं आमच्या दुकानाच्या पत्र्यावर येऊन पडत होतं.

अण्णा गेल्यावर आईची एक पाटली मोडायची वेळ आली. सराफानं जुनी पावती पाहिली, काट्यावर पाटली ठेवली आणि म्हणाला, 'दोनशे मिलिग्रॅम घट आहे.' चाळीस वर्षं हातात होती. मी पावतीच्याच मागं हिशेब केला. पाटली निव्वळ सोन्याची धरली तर चाळीस वर्षांत ती दर सेकंदाला सुमारे ४८,००० कोटी अणू गमावत आली होती. आई झोपली असताना नसेल, पण सरासरी तेवढी. पिठात, भांड्यांच्या राखेत, आमच्या पाठीवरच्या धपाट्यांत. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणून तुझी आजी भांडी घासताना काढून ठेव म्हणायची.' फळ्यावरच्या तेवीस शून्यांनी जे कधी झालं नव्हतं, ते त्या दोनशे मिलिग्रॅमनी झालं: तो आकडा मला पहिल्यांदा खरा वाटला.

२० मे २०१९ पासून मोलाची व्याख्याच बदलली. आधी १२ ग्रॅम शुद्ध कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितक्यांचा मोल, म्हणजे आधी वजन आणि मग नग. आता ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, इतके नग म्हणजे एक मोल. पुढं दशांश नाहीत, शंका नाही. त्यासाठी सिलिकॉनचा एक गोळा घडवला गेला, सुमारे एक किलोचा, साडेनऊ सेंटीमीटरहून थोड्या कमी व्यासाचा, जवळजवळ निखळ सिलिकॉन-२८चा. पेढ्यांच्या खोक्यात रांगेत किती आणि रांगा किती हे पाहून आपण पेढे सांगतो, तसंच क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर मोजून गोळ्यातले अणू सांगितले गेले. त्याच दिवशी पॅरिसजवळच्या तिजोरीतला, प्लॅटिनम-इरिडियमचा, १८८९ पासून किलोग्रॅमचा मापदंड असलेला दंडगोलही निवृत्त झाला. जगातल्या सगळ्या वजनांवरचा शेवटचा शिक्का तोच होता. मी खूश झालो. पुन्हा एकदा कुणीतरी ग्रोस मोजून घेतला होता.

निवृत्तीआधीची दहाएक वर्षं मी धडा असा सुरू करायचो. टेबलावर पाच पुड्या: १२ ग्रॅम कोळसा, १८ ग्रॅम पाणी बाटलीत, ५६ ग्रॅम खिळे, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर. पाचही पोरांच्या हातांतून फिरवायच्या आणि विचारायचं, नग कुणात जास्त? सगळे साखर म्हणायचे. मग तास सुरू व्हायचा. मीठ रेणूंचं नसतं, आयनांच्या जोड्यांचं असतं, आणि दुकानातला कोळसा शुद्ध कार्बन नसतो. हुशार पोरं हे काढायची आणि मला बरं वाटायचं. तासाच्या शेवटी साखरेची पुडी परत आली की तोलायची. ती दरवर्षी कमी भरायची. किती मोल खाल्ले, हे गणित मग त्यांनाच घालायचं, आणि ते मात्र सगळ्यांना सुटायचं.

नववीला शिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना एवढीच विनंती: वर्गात आधी काटा न्या. शून्यं दिवाळीनंतर काढलीत तरी चालतील.